बॉयलरला जात कुणी दिली? सोलापूरच्या गिरण्या, बॉयलरची सनद आणि आपण



१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी पाडण्यात आली. विमानसेवेच्या आड येते म्हणून. या चिमणीवरून शहरात अनेक वर्षं वाद चालला. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, निवडणुकीची भाषणं झाली. चिमणी ठेवायची की पाडायची यावर सगळे पक्ष बोलले. पण चिमणीच्या बुडाशी भट्टी असते, भट्टीवर बॉयलर असतो आणि त्या बॉयलरवर माणसं काम करतात. त्या माणसांबद्दल त्या सगळ्या गदारोळात एक अक्षरही माझ्या कानावर आलं नाही.

सोलापूरची ही सवय जुनी आहे. हे शहर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर झोपायचं असं आपले म्हातारे सांगतात. तो भोंगा वाजायचा वाफेवर, आणि ती वाफ यायची बॉयलरमधून. साचा फिरायचा तोही त्याच वाफेच्या बळावर. गिरणीचा इतिहास लिहिताना मालकांची नावं येतात, चादरींचं कौतुक येतं, युनियनच्या पुढाऱ्यांचे फोटो येतात. बॉयलर बांधणारा, दुरुस्त करणारा, त्यात कोळसा टाकणारा आणि त्याची राख काढणारा माणूस मात्र येत नाही.

आज मला त्या कामाबद्दल लिहायचं आहे. कारण आपल्या वस्त्यांमधली शेकडो पोरं आज आयटीआयमधून वेल्डर आणि फिटर होऊन बाहेर पडत आहेत, आणि त्यांना दोन बाजूंनी दोन सल्ले मिळत आहेत. एक म्हणतो, "बाबासाहेबांनी हातकामातून बाहेर काढलं, तू परत हातोडा कशाला धरतोस?" दुसरा म्हणतो, "आरक्षण-बिरक्षण सोडा, स्किल शिका." माझं म्हणणं असं की दोन्ही सल्ले इतिहास न वाचता दिलेले आहेत.

मनुस्मृतीत नसलेलं काम

आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्या. चामड्याला जात आहे, झाडूला जात आहे, चाकाला आणि वस्तऱ्यालाही जात आहे. ती जात ब्राह्मणी व्यवस्थेने हजारो वर्षांपूर्वी चिकटवली. पण बॉयलरला जात नव्हती. कुठल्याच स्मृतीत, कुठल्याच पुराणात बॉयलर नाही. बारा बलुतेदारांत बॉयलरवाला नाही. हे यंत्र बाहेरून आलं. इंग्लंडमध्ये विल्यम फेअरबेर्न यांनी १८४४ साली ज्याचं पेटंट घेतलं तो लँकेशायर बॉयलर पुढे जगभरच्या कापडगिरण्यांचा नेहमीचा बॉयलर झाला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली गिरणी काढायला घेतली. सोलापुरात १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी गिरणी. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी आणि जाम या गिरण्या उभ्या राहिल्या.

म्हणजे काम नवं, यंत्र नवं, हत्यारं नवी. कुणाच्याच आजोबाने हे काम केलेलं नव्हतं. त्यामुळे कुणाचाच त्यावर परंपरेचा हक्क नव्हता. गिरणीच्या गेटात पाऊल टाकताना ब्राह्मण, मराठा, पद्मशाली, महार, मांग सगळेच अडाणी होते. मग काही वर्षांतच कुठलं खातं कुणाचं आणि कुठलं काम कुणाचं हे कसं ठरून गेलं? जात नसलेल्या यंत्राला जात कुणी दिली?

याचं उत्तर शोधायचं तर आधी हे काम काय आहे ते समजून घेतलं पाहिजे.

बॉयलरचं काम म्हणजे काय

पाण्याची वाफ झाली की ती साध्या दाबाला सोळाशेपट-सतराशेपट जागा मागते. ती जागा दिली नाही, लोखंडात कोंडली, की दाब तयार होतो. त्या दाबावर इंजिन चालतं. दर चौरस इंचाला शंभर पौंड दाब धरला तर बॉयलरच्या एका चौरस फूट पत्र्यावर आतून साधारण साडेसहा टन जोर बसतो. लँकेशायर बॉयलर म्हणजे सात ते नऊ फूट व्यासाचा आणि तीस फुटांपर्यंत लांबीचा आडवा लोखंडी ढोल, आत आगीच्या दोन मोठ्या नळ्या. आता किती चौरस फूट झाले त्याचा हिशेब तुम्हीच करा. त्या ढोलाचा एक सांधा सुटला तर काय होईल ते सांगायला नको.

वेल्डिंग येण्याआधी हे सांधे रिव्हेटने जोडले जायचे. एकजण भट्टीत रिव्हेट लाल करणार, दुसरा ती चिमट्याने भोकात घालणार, तिसरा आतून ठोकळा दाबून धरणार आणि बाहेरून दोघे आळीपाळीने घण मारणार. रिव्हेट थंड होताना आकसते आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळले जातात. मग पत्र्याची कड छिन्नीने ठोकून बंद करायची, म्हणजे वाफ निसटत नाही. नळ्या बसवायच्या तर त्यांची तोंडं आतून फुगवून पत्र्यात घट्ट करायची. यात अंदाज चालत नाही. हाताला, डोळ्याला आणि कानाला वर्षानुवर्षं वळण लावावं लागतं. यालाच बॉयलरमेकर म्हणतात.

हे काम माणसाकडून काय घेतं तेही ऐका. ग्लासगोमध्ये डॉ. थॉमस बार यांनी १८८६ साली शंभर बॉयलरमेकर तपासले. त्यातल्या एकाचेही कान धड नव्हते. ढोलाच्या आत बसून ठोकळा धरणाऱ्याच्या कानाशी दिवसभर घण पडत असेल तर दुसरं काय होणार?

बॉयलर उभा झाल्यावर त्याला रोज सांभाळणारा माणूस वेगळा. पाण्याची काच बघायची, दाबाचा काटा बघायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला नाही ना याची खात्री करायची. पाणी नळीच्या खाली गेलं की नळी उघडी पडते, लाल होते, मऊ पडते आणि आत दबते. पाण्याच्या काचेकडे दहा मिनिटं दुर्लक्ष झालं तर सगळं खातं उडू शकतं. आणि या सगळ्यांच्या खाली आणखी एक थर असतो. कोळसा वाहणारे, राख ओढणारे, बॉयलर थंड करून आत उतरून क्षाराचे थर खरवडणारे, काजळी काढणारे.

बघा, एकाच बॉयलरभोवती तीन थर आहेत. कसबाचा, जबाबदारीचा आणि घाण-ओझ्याचा. पहिल्या दोन थरांत पगार आणि मान आहे, तिसऱ्यात फक्त काजळी. यंत्राने हे तीन थर तयार केले. कुठल्या थरात कोण जाणार, हे मात्र यंत्राने ठरवलं नाही.

मुकादमाचं विद्यापीठ

ते ठरवलं मुकादमाने. गिरणीत भरती करणारा जॉबर म्हणजेच मुकादम. कामावर घेणं त्याच्या हातात, बदली देणं त्याच्या हातात, काम शिकवणंही त्याच्याच हातात. शाळा नव्हती, परीक्षा नव्हती. मुकादम आपल्या गावच्या, आपल्या भावकीच्या, आपल्या जातीच्या पोराला शेजारी उभं करायचा आणि ते पोर बघून बघून शिकायचं. बाकीच्यांना त्या यंत्राजवळ उभंच राहू द्यायचं नाही. म्हणजे नव्या कामाचं ज्ञानही गुरुकुलासारखंच बंद दाराआड गेलं. एकलव्याचा अंगठा मागायचीही गरज उरली नाही, कारण एकलव्याला यंत्र बघूच द्यायचं नव्हतं.

याचा सगळ्यात उघड पुरावा मुंबईच्या साचेखात्यात आहे. विणकामात सूत तुटलं की विणकर ते तोंडाने ओढून धोट्यातून काढायचा, थुंकी लावायचा. तेवढ्या कारणाने अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात मज्जाव होता. साचेखातं जास्त पगाराचं. अस्पृश्य कामगार कमी पगाराच्या कताईच्या खात्यांत अडकवून ठेवलेले. हा मज्जाव मालकाच्या कागदी नियमात नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सवर्ण कामगाराच्या मनात होता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांना स्पष्ट विचारलं की हे साचेखातं आमच्यासाठी उघडण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? नेत्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने. आणि मालकांनी हात वर केले की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही.

त्या वेळी मालक खोटं बोलत नव्हते, आणि तेच सगळ्यात लाजिरवाणं आहे. भांडवलदाराला स्वस्त मजूर हवा होता. मजूर कुठल्या जातीच्या उतरंडीत उभा करायचा हे काम कामगारांनीच फुकटात करून दिलं.

सोलापुरात तर याला आणखी एक थर होता. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणातली. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसं त्या कुंपणातून निघून गिरणीत राबायची आणि हजेरी द्यायला परत कुंपणात जायची. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. ज्याला रात्री कुंपणात परतायचं आहे तो चांगलं खातं मागणार कसा?

याच शहरातली जुनी गिरणी १९४९ साली मालकांनी बंद केली. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९५३ मध्ये या गिरणीवर निकाल लागले. मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा अर्थ काय, हे शिकताना वकिलीचे विद्यार्थी आजही सोलापूरच्या गिरणीचे हे खटले वाचतात. मालकाचा हक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. कसब शिकण्याचा कामगाराचा हक्क मात्र मुकादमाच्या पलीकडे गेला नाही.

मनमाडला बाबासाहेब काय बोलले

वाफेचं दुसरं मोठं साम्राज्य म्हणजे रेल्वे. आपल्या जिल्ह्यात कुर्डुवाडीला तिचा एक कोपरा आहे. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. तिचं वर्कशॉप कुर्डुवाडीत. वाफेचं इंजिन म्हणजे चाकांवरचा बॉयलर. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये आणि वर्कशॉपमध्ये बॉयलरमेकर हे हुद्द्याचं नाव होतं. फायरबॉक्सचे पत्रे, नळ्यांची गळती, ठरलेल्या दिवसांनी बॉयलर धुणं, हे सगळं त्याच्या देखरेखीत चालायचं.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेब तिथे बोलले. ते वाक्य आपण पोस्टरवर छापतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामाचा जो हिशेब मांडला तो आपण छापत नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत आयुष्यभर गँगमनच राहतो. पोर्टरसुद्धा होत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. आणि वर्कशॉपमध्ये? तिथेही तो हमाल. मिस्त्री नाही, फोरमन नाही.

हे भाषण नीट वाचा. बाबासाहेब कामगारांना वर्कशॉप सोडायला सांगत नाहीत. वर्कशॉपमध्ये वर चढण्याचा रस्ता कुणी अडवला हे ते विचारत आहेत. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. मनमाडला त्यांनी त्याचा पुरावा दिला, तोही रुळांवरचा.

सनद म्हणजे काय

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बॉयलर हे असं यंत्र आहे की त्याच्या बाबतीत सरकारला मुकादमावर भरवसा ठेवता आला नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसं मेली, आणि १८६४ साली बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. पुढे सगळ्या देशासाठी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा झाला. हा कायदा शंभर वर्षं चालला आणि त्याच्या जागी आता २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे.

या कायद्याची पद्धत बघा. प्रत्येक बॉयलरची नोंदणी, पत्र्यावर नंबर ठोकलेला. ठरलेल्या मुदतीत निरीक्षकाकडून तपासणी, आत पाण्याचा दाब देऊन चाचणी. प्रमाणपत्राशिवाय बॉयलर चालवायचा नाही. आणि बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाकडेही सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं. आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास, आणि डिप्लोमा-डिग्रीवाल्यांसाठी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा. बॉयलरवर वेल्डिंग करणाऱ्याचीही वेगळी चाचणी, आणि तिची मुदत संपली की पुन्हा चाचणी.

याचा अर्थ काय? साचेखात्यात "तू साच्याला हात लावू नकोस" असं शेजारचा विणकर सांगू शकत होता, कारण त्या कामाला कुठला कागद लागत नव्हता. बॉयलरवर मात्र माणूस जातीने नाही, कागदाने उभा राहतो. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला कायदा ओळखतो. दाबाचा काटा आडनाव वाचत नाही. ज्या ज्या ठिकाणी कसबाची जाहीर परीक्षा आली, त्या त्या ठिकाणी मुकादमाची जागा थोडी तरी आकुंचन पावली. म्हणून मी म्हणतो की आपण सनदेच्या बाजूचे आहोत, परंपरेच्या नाही.

पण इथे भोळेपणा नको. सनदेला दोन दारं असतात. दुसरं दार परीक्षेचं, ते सरकार उघडतं. पहिलं दार अनुभवाचं. बॉयलरवर अमुक काळ काम केलं असा दाखला असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आणि तो दाखला कुणाच्या हातात? ज्याने कामावर घ्यायचं त्याच्या. म्हणजे मुकादम संपला नाही, तो पहिल्या दारात जाऊन बसला.

अमेरिकेतले बॉयलरमेकर

हे फक्त भारतात झालं असं समजू नका. अमेरिकेत बॉयलरमेकर कामगारांची मोठी युनियन होती. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाच्या गोद्यांमध्ये जहाजं बांधायला हजारो काळे कामगार आले. गोदीशी युनियनचा करार असा की युनियनचा सभासद नसेल त्याला काम नाही. आणि युनियन काळ्यांना बरोबरीचं सभासदत्व देत नव्हती. त्यांच्यासाठी वेगळी, दुय्यम शाखा काढली. वर्गणी पूर्ण, अधिकार अर्धे. सॉसालिटोच्या मारिनशिप गोदीतल्या जोसेफ जेम्स या वेल्डरने आणि त्याच्या साथीदारांनी १९४३ मध्ये अशी वर्गणी भरायला नकार दिला. कामावरून काढलं, ते कोर्टात गेले. १९४४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कामाचं दार युनियनच्या हातात असेल तर युनियनचं दार कुणाच्या रंगावरून बंद ठेवता येणार नाही.

१९२८ च्या मुंबईत बाबासाहेबांनी युनियनला जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न सोळा वर्षांनी तिकडे कोर्टाने विचारला. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. ते साम्य फक्त मंदिर आणि पाणवठ्यापुरतं नव्हतं, ते कारखान्याच्या गेटावरचंही होतं.

मजूरमंत्री बाबासाहेब

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन व्हाइसरॉयला दिलं. त्यात नोकऱ्या आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणि तांत्रिक शिक्षण स्वतंत्र मुद्दा म्हणून आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप ही सरकारच्याच हातातली आहेत, तिथे आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असं ते मागतात. मनमाडला चार वर्षांपूर्वी ज्या वर्कशॉपच्या दारावर बोट ठेवलं होतं, तेच दार अधिकार हातात येताच ते ठोठावत आहेत. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. देशाच्या विजेचं धोरण आखणारं केंद्रीय तांत्रिक वीज मंडळही १९४४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभं राहिलं.

म्हणून "हातकाम नको" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की बाबासाहेबांनी नाकारलं ते जन्माने लादलेलं काम. मेलेलं ढोर ओढणं, येसकरकी, वतन. ज्यात शिकणं नाही, वर चढणं नाही, नाही म्हणणं नाही. शिकून, परीक्षा देऊन, आपल्या मर्जीने घेतलेलं आणि उद्या सोडता येणारं तांत्रिक काम त्यांनी मागून घेतलं.

आणि "आरक्षण सोडा, स्किल शिका" म्हणणाऱ्यांना सांगणं असं की बाबासाहेबांनी स्किल आणि राखीव जागा एकाच निवेदनात मागितल्या, कारण दार बंद असेल तर स्किल शिकायचं कुठे? आज २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंदे आहेत, गुरु-शिष्य परंपरा आणि घराण्याचं कसब जपण्याची भाषा आहे. ज्यांच्या हाताला आज काम आहे त्यांना पैसे आणि अवजारं मिळाली तर माझी तक्रार नाही. पण चांभाराच्या पोराने चांभारकीच सुधारत बसावी ही दिशा आपली नाही. ज्या यंत्राला जात नव्हती त्याच्यापर्यंत पोहोचणं ही आपली दिशा.

आजचं सोलापूर

गिरण्या गेल्या. रेल्वेतून वाफ गेली. मग बॉयलर संपला का? उलट वाढला. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांनी भरला आहे आणि प्रत्येक कारखान्याचं काळीज म्हणजे बगॅसवर चालणारा बॉयलर. टॉवेल-चादरीच्या रंगाई-धुलाईला वाफ लागते. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच उभे आहेत. तिथले बॉयलर सुपरक्रिटिकल, म्हणजे २२१ बारच्याही वरच्या दाबाचे. पुण्याला आणि जवळच वालचंदनगरला बॉयलर बांधणारे कारखाने आहेत. रिव्हेट गेली, तिच्या जागी वेल्डिंग आलं. नळीच्या सांध्यावर आर्गॉन वेल्डिंगचा पहिला थर बिनचूक घालणारा आणि एक्स-रेत पास होणारा वेल्डर आजही सहज मिळत नाही. या हाताला गुजरातेत आणि आखातातही मागणी आहे.

पण हे काम आज ठेकेदाराकडे आहे. साखर कारखान्यात हंगाम संपला की बॉयलर थंड होतो, नळ्या बदलतात, आणि तेवढ्यापुरती माणसं ठेक्यावर येतात. राख काढणारा ठेक्यावर, खरवडणारा ठेक्यावर. त्यांची हजेरी कुठल्या वहीत? त्यांना अनुभवाचा दाखला कोण देणार? पाच हंगाम बॉयलरवर घालवलेला पोरगा कागदावर "हेल्पर"च राहतो आणि सेकंड क्लासच्या परीक्षेला बसू शकत नाही. १९३८ च्या वर्कशॉपमधला हमाल आणि आजचा हेल्पर यांत फरक काय, तो मला कुणीतरी समजावून सांगावा. कारखान्यांच्या संचालक मंडळांत आपली किती माणसं आहेत, हेही जरा मोजून बघा.

मग करायचं काय

नुसतं हळहळून भागत नाही. चार कामं आपल्या हातातली आहेत.

एक, शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद १९७३ पासून आहे, आणि हा कायदा खाजगी कारखान्यांनाही लागू होतो. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत या जागा किती आणि भरल्या किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नोकरीतल्या आरक्षणासाठी आपण रस्त्यावर येतो, आणि या दाराकडे बघतही नाही.

दोन, दाखला. ठेक्यावर काम करणाऱ्या प्रत्येक पोराने हजेरी, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर आणि कामाचं नेमकं नाव जपून ठेवायचं. "हेल्पर" लिहिलं असेल तर भांडून दुरुस्त करून घ्यायचं. एकट्याने जमत नसेल तर संघटनेने जायचं. युनियन आपली असेल तर हा विषय तिच्या मागण्यांच्या यादीत आहे का ते विचारा, जसं बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विचारलं.

तीन, विहारातली अभ्यासिका. एमपीएससीची पुस्तकं आपल्या विहारांत आहेत, ती असलीच पाहिजेत. त्याच कपाटात बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेची पुस्तकं का नाहीत? पाण्याची काच, सेफ्टी व्हॉल्व्ह, फ्युजिबल प्लग हे मराठीत समजावून सांगणारा एखादा निवृत्त कामगार तुमच्या वस्तीत असेल. त्याला रविवारी बोलवा. आणि मुलींनाही बसवा. वेल्डिंगच्या चाचणीत फक्त सांधा तपासतात.

चार, आपला इतिहास. घरातल्या जुन्या पेट्या उघडा. आजोबांचं गिरणीचं तिकीट, रेल्वेचा सर्व्हिस कागद, एखादं सेकंड क्लासचं प्रमाणपत्र निघेल. कुणी बॉयलरखात्यात होतं का, कुठल्या कामावर होतं, वरचं काम का मिळालं नाही, हे जिवंत असलेल्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. आपल्या आजोबांनी त्या ढोलात काय केलं ते आपणच सांगितलं पाहिजे.

सिद्धेश्वरची चिमणी पाडली तेव्हा लोक गच्चीवरून मोबाईलवर शूटिंग करत होते. धूर निघायची जागा काही क्षणांत गेली. पण ज्या आगीतून तो धूर निघतो तिच्यासमोर या जिल्ह्यात आजही माणसं उभी आहेत. त्यातल्या कुणाच्या हातात सनद असेल आणि कुणाच्या हातात फक्त फावडं, हे बॉयलर ठरवत नाही. ते आपण ठरवू दिलं म्हणून मुकादमाने ठरवलं. आता ते ठरवायला आपण शिकायचं आहे, संघटित व्हायचं आहे आणि भांडायचं आहे.

जय भीम! जय संविधान!